कांजूरमार्गची सागरी परीक्षा

२०११ च्या जुलैअखेरीस जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्यावर पहाटे फिरायला गेलेल्या मंडळींना वाळूत रुतलेले एक जहाज दिसले. ‘एमटी पवित’ नावाचे हे सुमारे हजार टनांचे तेलवाहू जहाज पूर्णपणे निर्मनुष्य होते. महिनाभरापूर्वी ओमानच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात ते बंद पडले होते. खलाशांनी ते सोडून दिले, ब्रिटिश युद्धनौकेने त्यांची सुटका केली आणि जहाज बुडाले असावे, असा समज झाला. प्रत्यक्षात ते बुडाले नव्हते. मोसमी वाऱ्यांबरोबर भरकटत, अरबी समुद्र ओलांडून, नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस या तिन्ही यंत्रणांच्या नजरेतून सुटून ते थेट अंधेरीच्या दाराशी येऊन थांबले. त्याच पावसाळ्यात, जूनमध्ये, ‘एमव्ही विस्डम’ हे भंगारात निघालेले जहाज अलंगकडे ओढून नेले जात असताना दोर तुटून जुहूलाच लागले होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ‘रॅक कॅरियर’ हे कोळशाचे जहाज मुंबईपासून काही सागरी मैलांवर बुडाले. त्याआधी बरोबर वर्षभरापूर्वी, ७ ऑगस्ट २०१० रोजी, ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांची मुंबई बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली होती. कंटेनर समुद्रात तरंगत राहिले, तेलाचा तवंग अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला आणि मुंबई व जेएनपीटी ही दोन्ही बंदरे काही दिवस ठप्प झाली.

अशा प्रसंगी पहिला प्रश्न विचारला जातो तो जहाजाच्या मालकाविषयी. दुसरा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. ‘पवित’वर पनामाचा ध्वज होता. ते समुद्रात जाण्यास योग्य आहे, असा दाखला पनामाच्या वतीने कोणी दिला, कशाच्या आधारे दिला, आणि आपल्या किनाऱ्याकडे येणारे बेवारस जहाज ओळखण्याची जबाबदारी भारताच्या कोणत्या कार्यालयावर होती? थोडक्यात, जहाजांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारांवर कोण लक्ष ठेवते? १ जानेवारी २०१६ पासून या प्रश्नाला उत्तर आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, म्हणजेच आयएमओ, आता आपल्या सदस्य राष्ट्रांचे सक्तीचे ऑडिट करते. भारताच्या बाबतीत या ऑडिटचा मुख्य भार ज्या कार्यालयावर येतो, ते आहे मुंबईच्या उपनगरात, कांजूरमार्ग पूर्वेला.

मिठागरांच्या शेजारी

नौवहन महासंचालनालय, ज्याला जहाजावर नोकरी करणारा प्रत्येक जण ‘डीजी शिपिंग’ म्हणून ओळखतो, सप्टेंबर १९४९ मध्ये स्थापन झाले. अनेक दशके त्याचा पत्ता बॅलार्ड इस्टेटमधील जहाज भवन असा होता. बंदराच्या भोंग्यांच्या टप्प्यातून निघून ते कांजूरमार्गच्या मिठागरांशेजारच्या एका आयटी संकुलात आले. मध्य रेल्वेने घाटकोपर-मुलुंडदरम्यान रोज ये-जा करणाऱ्या लाखो प्रवाशांपैकी फार थोड्यांना याची कल्पना असेल, की देशाच्या ध्वजाखालील जहाजांची नोंदणी, नाविकांची प्रमाणपत्रे आणि सागरी प्रशिक्षण संस्थांची मान्यता यांविषयीचे निर्णय या स्थानकाबाहेरच्या इमारतीत होतात. तेथून काही किलोमीटरवर, पवई तलावासमोर, १९७५ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग या वर्गीकरण संस्थेचे मुख्यालय आहे. अंधेरी आणि पवई भागात जहाज व्यवस्थापन करणाऱ्या कंपन्यांची कार्यालये आहेत. एका अर्थाने भारतीय नौवहनाचे कागदोपत्री बंदर आता उपनगरात आहे, आणि आयएमओचे ऑडिट कागदांनाच प्रथम हात घालते.

‘ऑडिट’ या शब्दाला आपण मराठीत ‘लेखापरीक्षण’ म्हणतो आणि तेथेच घोटाळा होतो. या तपासणीत पैशांचा हिशेब नसतो. जहाजावर चढून जीवरक्षक नौका मोजण्याचे कामही नसते. तपासले जाते ते एवढेच, की आंतरराष्ट्रीय करारांवर सही करून राष्ट्राने जी जबाबदारी पत्करली, ती पार पाडण्याची व्यवस्था त्याच्याकडे आहे काय, ती चालते काय, आणि चालत नसेल तर ते त्या राष्ट्राला स्वतःला ठाऊक आहे काय.

करार बरेच आहेत. ‘टायटॅनिक’ १९१२ मध्ये बुडाल्यानंतर दोन वर्षांनी जन्माला आलेला, आणि आज १९७४ च्या स्वरूपात लागू असलेला, समुद्रावरील जीवितसुरक्षेचा ‘सोलास’. जहाजांपासून होणारे प्रदूषण रोखणारा ‘मार्पोल’. नाविकांचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रे यांचा १९७८ चा ‘एसटीसीडब्ल्यू’. याशिवाय जहाजात किती भार भरावा, त्याचे टनेज कसे मोजावे आणि समुद्रात टक्कर कशी टाळावी यांविषयीचे करार. भारत १९५९ पासून आयएमओचा सदस्य आहे. १९७४ ते १९८९ अशी दीड दशके या संघटनेचे महासचिवपद सी. पी. श्रीवास्तव या भारतीय अधिकाऱ्याकडे होते. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या शिपिंग कॉर्पोरेशनच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. विकसनशील देशांतील सागरी अधिकाऱ्यांना उच्च प्रशिक्षण मिळावे म्हणून १९८३ मध्ये स्वीडनमधील माल्मो येथे जागतिक सागरी विद्यापीठ सुरू झाले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. नियम करून भागत नाही, ते राबवणारी माणसे तयार करावी लागतात, ही जाण आयएमओला त्या काळापासून होती. मात्र राबवणी होते की नाही हे पाहण्याचा अधिकार तिला नव्हता. २००५ मध्ये ऐच्छिक ऑडिटची योजना आली. डिसेंबर २०१३ मध्ये ‘ट्रिपल आय कोड’ या नावाने ओळखली जाणारी अंमलबजावणी संहिता स्वीकारली गेली आणि तिच्या आधारे २०१६ पासून ऑडिट सक्तीचे झाले. साधारणपणे सात वर्षांच्या चक्रात प्रत्येक राष्ट्राची पाळी येते.

एकाच राष्ट्राच्या तीन भूमिका

संहिता प्रत्येक राष्ट्राकडे तीन भूमिकांतून पाहते. ज्या जहाजांवर आपला ध्वज आहे त्यांच्यासाठी ते ध्वजराष्ट्र असते. आपल्या बंदरात येणाऱ्या परदेशी जहाजांसाठी ते बंदर राष्ट्र असते. आपल्या किनाऱ्याजवळून जाणाऱ्या साऱ्या वाहतुकीसाठी ते किनारी राष्ट्र असते. या तिन्हींना समान असा एक भाग वेगळा तपासला जातो. त्यात कायदे, एकूण धोरण, नोंदी आणि सुधारणा यांचा समावेश होतो.

किनारी राष्ट्राची भूमिका सर्वाधिक विखुरलेली आहे आणि अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची खरी गरज तेथे कळते. ‘सोलास’च्या पाचव्या प्रकरणानुसार हवामानाचे इशारे, सागरी नकाशे, दीपस्तंभ, धोक्याच्या सूचना आणि शोध व बचावकार्य या सेवा पुरवणे हे सरकारचे कर्तव्य आहे. भारतात हवामान खाते इशारे देते. नकाशे तयार होतात डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेले हेच कार्यालय हिंदी महासागराच्या मोठ्या भागासाठी जहाजांना धोक्याच्या सूचना देण्याचे समन्वयनही करते. दीपस्तंभांसाठी स्वतंत्र महासंचालनालय आहे. शोध व बचाव तटरक्षक दलाकडे असून पश्चिम किनाऱ्याचे केंद्र मुंबईत आहे. शिवाय बंदर प्राधिकरणे आणि राज्यांची सागरी मंडळे आहेतच. ही कार्यालये निरनिराळ्या मंत्रालयांच्या अखत्यारीत येतात. आयएमओचा ऑडिटर मात्र मंत्रालये ओळखत नाही. त्याच्या समोर एकच राष्ट्र असते. दीपस्तंभाचा दिवा बंद पडल्याची सूचना किती वेळात नकाशांपर्यंत आणि जहाजांपर्यंत पोहोचते, असे त्याने विचारले तर ‘तो विभाग आमच्याकडे नाही’ हे उत्तर सरकारी कार्यालयात भले चालत असेल, येथे ते त्रुटीची नोंद म्हणून लिहिले जाते.

म्हणूनच या प्रशिक्षणाचा पहिला भाग एकमेकांची ओळख करून देण्याचा असतो, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. आपल्या रोजच्या कामाचे मूळ कोणत्या कराराच्या कोणत्या नियमात आहे, हे बचाव केंद्रातील अधिकाऱ्याला, बंदरातील तपासनिसाला आणि हवामान खात्यातील अधिकाऱ्याला सांगता आले पाहिजे. काम उत्तम करणारा माणूसही या प्रश्नावर गडबडतो. तो वर्षानुवर्षे ते करत आला आहे, पण का करतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

लंडन ते सर्वेक्षकाचा हात

ऑडिटमध्ये जगभर वारंवार निघणाऱ्या त्रुटींपैकी एक कायद्याची आहे. आयएमओच्या करारांत दुरुस्त्या सतत होत असतात आणि पुरेशा राष्ट्रांनी आक्षेप घेतला नाही तर त्या ठरलेल्या दिवशी आपोआप लागू होतात. लंडनमध्ये लागू झालेली दुरुस्ती देशात लागू होण्यासाठी मात्र देशाचा कायदा किंवा नियम बदलावा लागतो. भारतात सहा दशकांहून अधिक काळ मर्चंट शिपिंग कायदा, १९५८ हा या सगळ्याचा आधार होता. त्यात वेळोवेळी भर पडत गेली आणि कलमांची संख्या ५६१ वर गेली. तरीही करार पुढे आणि कायदा मागे, अशी स्थिती राहिली. मधले अंतर परिपत्रके आणि आदेश काढून भरले गेले. परिपत्रकाने काम भागते, पण न्यायालयात दंड वसूल करायचा असेल तर कायद्याचे कलम लागते आणि ऑडिटर नेमके तेच विचारतो. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या नव्या मर्चंट शिपिंग कायद्यात ३२५ कलमे आहेत. आंतरराष्ट्रीय करारांची पूर्तता हे तो आणण्यामागचे एक प्रमुख कारण म्हणून सरकारने सांगितले. आता या कायद्याखालचे नियम लिहिणारे अधिकारी या ऑडिटच्या भाषेत तयार झालेले असतील की नाही, यावर बरेच अवलंबून आहे.

दुसरी त्रुटी देखरेखीची आहे. जहाजांची बरीचशी सर्वेक्षणे सरकार स्वतः करत नाही. ती मान्यताप्राप्त वर्गीकरण संस्थांवर सोपवलेली असतात. त्यात काही गैर नाही, जगभर हीच पद्धत आहे. पण काम सोपवले तरी जबाबदारी सोपवता येत नाही. संस्थेने दिलेला दाखला बरोबर होता हे सरकारने कधी, कसे तपासले, याची नोंद मागितली जाते. ‘त्यांच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे’ हे वाक्य ऑडिटच्या वहीत कोठेच बसत नाही.

तिसरी त्रुटी माणसांची. ध्वजराष्ट्राच्या सर्वेक्षकाकडे सागरी शिक्षण आणि जहाजावर अधिकारी म्हणून केलेल्या कामाचा अनुभव, किंवा संबंधित शाखेची पदवी आणि त्यानंतरचे प्रशिक्षण असावे, त्याचे ज्ञान अद्ययावत ठेवण्याची लेखी व्यवस्था असावी आणि त्याच्याजवळ अधिकृत ओळखपत्र असावे, इतक्या तपशिलापर्यंत संहिता जाते. अडचण अशी, की जहाजावर कॅप्टन किंवा मुख्य अभियंता म्हणून डॉलरमध्ये पगार घेणारा माणूस सरकारी वेतनावर सर्वेक्षक म्हणून येण्यास सहजासहजी तयार होत नाही. प्रशिक्षण कितीही उत्तम असले, तरी प्रशिक्षण घेणाराच जागेवर नसेल तर काय?

हा प्रश्न उपनगरवासीयांनी एकदा दुसऱ्या क्षेत्रात पाहिला आहे. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने भारताची हवाई सुरक्षा श्रेणी खालावली. विमाने वाईट नव्हती, वैमानिकही नव्हते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे पूर्णवेळ, प्रशिक्षित तपासनीस पुरेसे नव्हते, हा मुख्य आक्षेप होता. श्रेणी पूर्ववत होईपर्यंत एप्रिल २०१५ उजाडले आणि तोवर भारतीय विमान कंपन्यांना अमेरिकेला नव्या सेवा सुरू करता आल्या नाहीत.

‘दाखवता का?’

ऑडिटर घडवण्यासाठी आयएमओ जगाच्या निरनिराळ्या भागांत अभ्यासवर्ग घेते. ऑडिटर संघटनेचे नोकर नसतात. सदस्य राष्ट्रेच आपल्या अधिकाऱ्यांची नावे देतात आणि त्यांतून पथक निवडले जाते. स्वतःच्या देशाचे ऑडिट कोणाला करता येत नाही. त्यामुळे हे प्रशिक्षण दुहेरी उपयोगाचे ठरते. आज दुसऱ्या राष्ट्राच्या कपाटातील फायली उघडणारा अधिकारी उद्या आपल्या कार्यालयात टेबलाच्या पलीकडे बसणार असतो.

अभ्यासवर्गात करारांचा आणि संहितेचा परिचय असतो, पण वेळ जातो तो सरावात. एखादा प्रसंग लिहून दिला जातो आणि त्यात त्रुटी आहे काय, असल्यास ती कशी लिहावी, हे ठरवायचे असते. त्रुटीच्या नोंदीला तीन पाय लागतात. नियम काय सांगतो, पुरावा काय दिसला, आणि म्हणून काय पाळले गेले नाही. यातला एक जरी निखळला तरी ती ऑडिटरची तक्रार ठरते, त्रुटी नव्हे. प्रश्न विचारण्याचेही शिक्षण दिले जाते. ‘तुम्ही सर्वेक्षकांना प्रशिक्षण देता ना?’ असे विचारले की उत्तर ‘हो’ असेच येणार. ‘कसे देता?’ असे विचारले तर माणूस बोलू लागतो. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो, ‘दाखवता का?’

समजा, एका बंदरातील तपासनिसाच्या फायलीत गेल्या तीन वर्षांतील प्रशिक्षणाचा एकही कागद नाही. आपल्याकडचा स्वाभाविक उपाय म्हणजे कागद शोधणे, आणि न सापडल्यास कारकुनाला ज्ञापन देणे. प्रशिक्षण सांगते की येथे थांबू नका. कागद का नाही? कारण प्रशिक्षण झाले नाही. का झाले नाही? कारण कोणाला कधी प्रशिक्षण द्यायचे याची योजनाच नाही. योजना का नाही? कारण ती करण्याची जबाबदारी कोणत्याच पदाला दिलेली नाही. त्रुटीचे मूळ येथे सापडते आणि कारकून निर्दोष सुटतो. तपासणी आली की रातोरात नोंदवह्या भरण्याची आपल्या कार्यालयांतली जुनी खोड सर्वांना माहीत आहे. एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेली वर्षभराची वही ओळखायला मात्र फारसे प्रशिक्षण लागत नाही.

प्रत्यक्ष ऑडिटची सुरुवात पथक येण्याच्या बरीच आधी, राष्ट्राने भरून द्यायच्या प्रश्नावलीने होते. करोनाच्या साथीत २०२० मध्ये प्रत्यक्ष भेटी थांबल्या आणि २०२१ पासून काही काळ दूरस्थ पद्धतीने ऑडिट घेण्याचा प्रयोगही झाला. त्रुटी निघाल्यास राष्ट्राने ९० दिवसांत सुधारणेचा आराखडा द्यायचा असतो. आयएमओ कोणाला गुण देत नाही आणि दंडही करत नाही. सारांश मात्र सर्व सदस्य राष्ट्रांपर्यंत जातो आणि नौवहनाच्या व्यवसायात एवढे पुरते.

बोरिवलीच्या घरापर्यंत

नियमांचा हा सारा व्यवहार कोरडा वाटेल. पण जगातील नाविकांपैकी साधारण दहावा हिस्सा भारतीय आहे, आणि मुलुंड, बोरिवली, डोंबिवलीच्या अनेक घरांत सहा-सहा महिने समुद्रावर असणारा कोणीतरी आहे. त्याच्या हातातील सक्षमता प्रमाणपत्राला परदेशी जहाजावर किंमत आहे, कारण त्या देशाने भारताच्या व्यवस्थेवर विश्वास ठेवला आहे. २००० मध्ये आयएमओने ‘एसटीसीडब्ल्यू’ची पूर्तता करणाऱ्या देशांची पहिली यादी प्रसिद्ध केली, तिच्यात भारत होता. यादीत नाव येणे म्हणजे कायमचा परवाना नव्हे. फिलिपिन्सचा अनुभव ताजा आहे. युरोपीय महासंघाच्या तपासण्यांत तेथील सागरी शिक्षण व प्रमाणपत्र व्यवस्थेतील उणिवा २००६ पासून नोंदल्या जात होत्या. अखेर मान्यता काढून घेण्याची वेळ आली आणि युरोपीय ध्वजाच्या जहाजांवरील सुमारे ५० हजार फिलिपिनो अधिकाऱ्यांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या. मार्च २०२३ मध्ये मान्यता टिकली, पण तोपर्यंत त्या सरकारला बरीच धावपळ करावी लागली. ही तपासणी आयएमओच्या ऑडिटपेक्षा वेगळी होती. प्रश्न मात्र तेच होते. व्यवस्था आहे काय, आणि दाखवता का?

एक मर्यादा येथे नोंदवली पाहिजे. ही करारव्यवस्था मुख्यतः आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या जहाजांची आहे. गेटवेहून घारापुरीला जाणारी लाँच तिच्या कक्षेत जवळपास येत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या स्पीडबोटीची ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला धडक बसून जीवितहानी झाली, तेव्हा अनेकांनी आंतरराष्ट्रीय नियमांचा हवाला दिला. त्या बोटीची सुरक्षितता हा देशांतर्गत नियमांचा आणि त्यांच्या तपासनिसांचा प्रश्न आहे. त्यांच्यासाठी सात वर्षांनी दार ठोठावणारे कोणतेही परदेशी पथक नाही.

परदेशी जहाजांच्या तपासणीत मात्र भारताची बाजू एकाकी नाही. हिंदी महासागराच्या काठावरील देशांनी १९९८ मध्ये बंदर तपासणीविषयी एक सामंजस्य करार केला. त्याचे सचिवालय गोव्यात आहे. सदस्य देशांचे तपासनीस परस्परांची माहिती पाहू शकतात. एका बंदरात दोष आढळलेले जहाज पुढच्या बंदरात कोरी पाटी घेऊन जात नाही. तपासनिसांचे एकत्रित प्रशिक्षणही याच चौकटीत होते.

२५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा-३’ हे लायबेरियाच्या ध्वजाचे जहाज ६४० कंटेनरसह केरळच्या किनाऱ्याजवळ बुडाले. जहाजावरील सर्व २४ जणांना वाचवण्यात आले. पंधरवड्याच्या आत, ९ जूनला, सिंगापूरच्या ध्वजाच्या ‘वान हाय ५०३’ला केरळसमोरच आग लागली. दोन्ही वेळा बचावाला तटरक्षक दल आणि नौदल गेले, कंपन्यांना नोटिसा कांजूरमार्गहून निघाल्या, किनाऱ्यावर आलेले कंटेनर आणि प्लास्टिकचे दाणे गोळा करण्याचे काम राज्य यंत्रणेने केले. कोणी कोणाला किती वाजता कळवले, कोणत्या नियमाखाली कळवले आणि ते कोठे लिहून ठेवले, याच्या नोंदी त्या त्या कार्यालयांच्या फायलींत आहेत. पुढचे पथक येईल तेव्हा त्याच मागितल्या जातील.